पाच दिवस आणि दोन प्रवासाचे

ताळगावच्या पठारावर दुपारी वारा सुटतो,
कागदांवर काहीतरी ठेवावं लागतं.
मी शंख ठेवते, नाहीतर कुणीतरी आणलेलं
पवनचक्कीचं चुंबक.
प्राध्यापक परततात तेव्हा चॉकलेटचा डबा फिरतो,
सेमिनार हॉलमध्ये पडदा खाली येतो,
आणि बर्फात उभे विभागप्रमुख
आम्ही मफलरवरून ओळखतो.

अकरा वर्षं हे अर्ज माझ्या हातून गेले.
वाक्यं पाठ आहेत:
संशोधनाला चालना, परस्पर सहकार्य,
दोन्ही संस्थांना दीर्घकालीन लाभ.
या वर्षी अनुदानाच्या यादीत एक ओळ नवी होती,
शिक्षकेतर कर्मचारी, जागा एक.
ती कुणी वाचलीच नव्हती.

सगुण गावडे, प्रयोगशाळा परिचर, सागरविज्ञान.
बोलावलं तर दारातच उभा राहिला,
हातांना ॲसिडचा वास.
"हांव बाटल्यो धुतां," म्हणाला,
जणू मी चुकीच्या माणसाला फोन लावला होता.

अर्जात विचारलं होतं, कामाचं स्वरूप.
मी लिहिलं: बाटल्या धुतो.
खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं, आणि पुढे जोडलं:
यांनी धुतलेल्या बाटलीतून
तेवीस वर्षांत चुकीचा आकडा निघालेला नाही.

डीन म्हणाले, तिथे जाऊन हा काय शिकणार?
शेऱ्याच्या रकान्यात मी तो प्रश्न घातला नाही.

व्हिसाच्या फोटोसाठी स्टुडिओवाल्याने
चारदा सांगितलं, हसू नका.
तो हसत नव्हता, दातच तसे.
स्वेटर पुतण्याचा.
बॅग शेजारच्या आग्नेलची,
जिने अर्धं जग जहाजाच्या पोटातून पाहिलंय.
बायकोने डबीत मूठभर आगराचं मीठ घातलं,
तिकडचं जेवण अळणी, असं तिने ऐकलं होतं.

मंगळवारी रात्री फोन. मागे वारा.
"उल्काबाय, हांगचें उदक अळणी."
मला वाटलं जेवणाचं म्हणतोय.
बाल्टिक समुद्राचं म्हणत होता.
रासा नावाच्या बाईने मीटर बुडवायच्या आधी
याने बोट बुडवून जिभेला लावलं
आणि आगरवाड्याला मानशीपाशी
आश्विनात जसं लागतं, तसंच लागलं.
बाप मिठागरात फळी ओढायचा.
पाणी कधी मीठ होणार ते
आधी जिभेला कळतं, मग डोळ्यांना.

याने सात बोटं दाखवली.
मीटरने हजारात सात दाखवले.
रासाने दुसरी बाटली पुढे केली, मग तिसरी,
नदीच्या मुखाची, खोल तळाची.
चौथीला सगुण चुकला.
ती बाटली त्यांनीच नीट धुतली नव्हती.

परतल्यावर अहवाल, शब्द पाचशे.
त्याने वहीचं अर्धं पान दिलं:
"त्यांचे ब्रश चांगले. आपणही मागवावेत.
बाटली उपडी कशी वाळवायची ते दाखवून आलो.
थंडी होती.
मीठ तिथेच ठेवलं, त्यांनी फळीवर जागा केली,
वर चिठ्ठी लावली, गावाचं नाव बरोबर लिहिलंय."

परवा ऑडिटची हरकत आली.
एक, बसभाड्याची पावती नाही.
दोन, परदेशी संस्थेस दिलेल्या वस्तूला
पूर्वमंजुरी घेतल्याचं दिसत नाही.
वर्णन, वजन व किंमत कळवावी.

शंख बाजूला करून मी कागद ओढला.
वर्णन: मीठ. जाड, करडं.
वजन: मूठ, एक.
किमतीचं विचारायला खाली गेले.
तो मोरीत वाकलेला, कोपरापर्यंत फेस,
खिडकीत बाटल्या उपड्या.
नळ बंद न करताच म्हणाला,
"बायलेक विचारून सांगतां."